रुखवतातलं झाड

संत्रं डोंगर चढेल, असं आधी कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. वरूडकडच्या सपाटीवर पिढ्यान्‌पिढ्या सुखानं नांदलेलं हे झाड. पण उन्हाळे एकोणपन्नास अंशांवर जाऊ लागले, आंबिया बहाराची फुलं फांदीवरच करपू लागली, तेव्हा भल्याभल्यांचे डोळे उघडले. मग सातपुड्यातल्या माळेगड पठारावर खड्डे खणले गेले. वर हवा थंड, माती ताजी, पाणी गोड. दहा वर्षांत पठार नारिंगी झालं, आणि जिथं पूर्वी कुणी मुलगी द्यायला धजत नव्हतं, तिथल्या मुलांना खालून सांगून येऊ लागल्या.

तनुजा ढोलेची धाकटी बहीण पूनम अशीच सहा वर्षांपूर्वी वर गेली होती. तनुजा स्वतः नागपुरात, लिंबूवर्गीय पिकांच्या रोगजोखीम कक्षात काम करायची. काम काय, तर नकाशा रंगवणं. कोणता रोग कोणत्या नव्या मुलखात किती शक्यतेनं पोचेल, हे तो पोचण्याआधी सांगणं. घरात आग लागल्यावर धावणारे पुष्कळ असतात. आग लागायच्या आधी चुलीजवळचं गवत दाखवणारा माणूस मात्र कुणाला आवडत नाही. तनुजाला याची सवय झाली होती.

या नकाशासाठी कक्षानं एक यंत्रणा घडवली होती. तिचं नाव वाटाड्या. तो बोलत नसे, फक्त टक्के मांडत असे. पठार हिरवंगार दिसत होतं. तीन टक्के, चार टक्के. आणि बरोबर मधोमध, बोरदरी गावावर, एक लाल ठिपका. एकसष्ट टक्के.

"हे काय आहे, ढोले मॅडम?" कक्षप्रमुख डॉ. तायवाडे चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले. "नकाशावर माशी बसली का?"

"पाहते आहे सर."

"पुढच्या आठवड्यात पठार निर्मळ क्षेत्र म्हणून जाहीर व्हायचंय. तिथं देशाची मातृबाग उभी राहणार. सगळ्या पन्हेऱ्यांना, रोपवाटिकांना, तिथूनच कलमाचे निरोगी डोळे जाणार. अशा वेळी हा एक वेडा ठिपका! वारा नाही, ट्रक नाहीत, काही कारण नाही. काढून टाका."

तायवाडे वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त कारण हवं होतं, आणि ते ठिपक्याजवळ नव्हतं.

"मला आठवडाभर द्या," तनुजा म्हणाली. ठिपक्याखालचं गाव आपल्या ओळखीचं आहे, ते तिनं सांगितलं नाही. बोरदरी म्हणजे पूनमचं सासर.

रोग होता ग्रीनिंगचा. त्याचा जिवाणू झाडाच्या सालीतल्या बारीक नळ्यांत राहतो. पानांनी उन्हात रांधलेली साखर या नळ्यांतून मुळांकडे जाते. जिवाणू तिथं ठाण मांडतो, नळ्या तुंबतात, आणि पानं भरल्या घरात बसलेली असताना मुळं उपाशी मरतात. फळं वाकडी, कडू होतात, बुडाशी हिरवीच राहतात. औषध नाही. वर लबाडी अशी, की लागण झाल्यावरही झाड कधी कधी पाच-सहा वर्षं हसतमुख दिसतं. एका झाडावरून दुसऱ्यावर रोग नेतो तो सायला, तिळाएवढा रस पिणारा किडा. आणि दुसरा वाहक माणूस. रोगी झाडाचा डोळा काढून नव्या खुंटावर बांधला, की रोगाचंही कलम होतं.

खालच्या मुलखात वैशाखाचं ऊन हाच मोठा वैद्य होता. त्या भट्टीत सायला मरे, जिवाणू मंदावे. वर पठारावर ही भट्टीच नव्हती. जी हवा संत्र्याला मानवली, तीच रोगालाही मानवणार होती. एकदा तो वर पोचला, की ठाण मांडून बसणार.

पण पोचणार कसा? तनुजानं वाटाड्याच्या आकडेमोडीची एकेक घडी उलगडली. वाऱ्याची, मालवाहतुकीची, पावसाची. शेवटची घडी माणसांच्या जाण्या-येण्याची होती. कोणाचं नाव नाही, फक्त एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे किती माणसं गेली, ते. वाटाड्या जगभरातल्या जुन्या साथींवरून एवढंच शिकला होता, की काही गावांमधली येजा विशिष्ट दिवसांत वाढली की मागोमाग रोग वाढतो. का, ते त्याला ठाऊक नव्हतं.

वरूडकडून बोरदरीला होणाऱ्या येजेचा आकडा वर्षातून दोनदा फुगत होता, पठारावरच्या इतर गावांचा नाही. वैशाखात आणि पौषात.

तनुजा खुर्चीत मागे टेकली. वैशाखात लग्नं, पौषात संक्रांत. यंत्राला कारण माहीत नव्हतं, तिला होतं. वरूडकडच्या त्यांच्या टेंभणी गावात मुलीच्या रुखवतात लाडू-करंज्या, कापसाच्या बाहुल्या यांच्यासोबत एक झाड ठेवायची रीत होती. माहेरच्या दारातल्या संत्र्याचा डोळा जंबेरी लिंबाच्या खुंटावर आईनं आपल्या हातानं बांधायचा आणि ते कलम लेकीबरोबर पाठवायचं. घाटाच्या पायथ्याशी रोपं अडवणारं तपासणी नाकं होतं खरं. पण नवरीची गाडी कोण अडवतो? शिपाई पेढा घेत, वर दोन अक्षता टाकत, आणि गाडी पुढे जाई.

पूनमच्या लग्नात ते कलम तनुजाच्याच मांडीवर होतं. तेव्हा नाकं नव्हतं, नियमही नव्हता, आणि आई गाडीच्या काचेशी वाकून म्हणाली होती, "वळणावर सांभाळजो वं, मुळाची माती हालू देऊ नको."

पुढच्या वर्षी आई गेली. त्यानंतर दारातलं आईचं झाड वाळलं. लोक म्हणाले डिंक्या, बुंध्यातून डिंक गळायचा रोग. तनुजानं एक पान तपासून पाहिलं होतं. त्यात काही निघालं नाही. पण एक पान म्हणजे झाड नव्हे, हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं?

घाट चढला की तनुजाच्या तोंडात आपोआप घरची बोली येई. पूनम अंगणातच भेटली.

"ताई! ना फोन, ना फान. भाऊजींशी भांडून आली का काय?"

"भांडून यायचं असतं तं तुयाकडं काहून आली असती? इथं तं तुयाशीच भांडा लागते."

झाड दारातच होतं. छातीभर उंच, गच्च पानांचं. फळं थोडीच, पण काय फळं! पूनमनं एक तोडून सोललं. साल बोटाला न चिकटता निघाली, आणि पहिली फोड तोंडात गेली तशी तनुजाला रडूच आलं. टेंभणीचं अंगण, आईचा हात, सगळं त्या फोडीत होतं. आईच्या झाडाची जगाच्या पाठीवर एवढीच खूण उरली होती.

"गोड लागलं म्हणून रडून रायली?" पूनम हसली. मग तिचं हसू थांबलं. "काय झालं वं?"

तनुजानं काही लपवलं नाही. नकाशा दाखवला, ठिपका दाखवला, वैशाख-पौष सांगितलं.

"पौषात काय झालं तुया गावात?" तिनं विचारलं, उत्तर ठाऊक असल्यासारखं.

पूनम हातातली साल चुरत राहिली. मग हळूच म्हणाली, "वाण दिलं मी. गेल्या संक्रांतीले. साऱ्या बाया प्लास्टिकचे डबे देतात, मी म्हटलं काही जितं द्यावं. याचेच डोळे बांधून कलमं केलती. सात घरी गेले."

तनुजानं परसातल्या गोडनिंबाची, म्हणजे कढीपत्त्याची, कोवळी डिरी वाकवून दाखवली. तिच्यावर शेपूट वर करून बसल्यासारखे तिळाएवढे किडे होते. "हे सायले. गोडनिंबावरही जगतात. सध्या साधेच आहेत, यायनं काही होत नाई. पण तुया झाडात थो रोग असंल, तं हे तिथून उचलतीन अन् गावभर वाटतीन. तुले संक्रांत लागते, यायले नाई लागत."

"एकसष्ट म्हणजे नक्की नाई ना?"

"नाई."

"अन् उरलेले एकोणचाळीस?"

"त्याच्यात झाड निरोगी आहे."

"मंग मी एकोणचाळीसात राह्यतो," पूनम म्हणाली आणि झाडाला पाठ टेकून उभी राहिली.

"पूनम..."

"तपास ना मंग! मशीन आण, काय लागते थे आण."

"पानं तपासून भागत नाई. हा जिवाणू एका फांदीत असते, दुसरीत नसते. कवा कवा नुसता मुळात दडून राह्यते. पक्कं सांगायचं तं सारं झाड काढा लागते. मुळासकट."

"म्हणजे झाड निरोगी आहे का नाई हे पाहाले त्याले मारा लागते?"

"हो."

"शिकून शिकून हेच शिकली का तू?"

कायदा रोगी झाडाला हात लावू शकत होता, संशयाच्या झाडाला नाही. इथं फक्त विचारता येत होतं. तिनं विचारलं, आणि पूनमनं नाही म्हटलं. "आईनं आपल्या हातानं बांधलेला डोळा आहे थो. आईच्या हातचं दुसरं काय आहे माह्याजवळ? साड्या तं फाटल्या."

रात्री जेवणं चालली होती. पूनमचा नवरा धनराज ताटावरून दोघींकडे पाहत राहिला आणि शहाण्या माणसासारखा लवकर उठला. सासूबाई, छायाबाई, भाकरीला पाणी लावता लावता सगळं ऐकत होत्या.

"मी ठिपका पुसणार नाई," शेवटी तनुजा म्हणाली. "पण तुयं नावही सांगणार नाई. पठाराचं काय व्हायचं थे होवो."

"म्हणजे आता पठार माह्या डोक्यावर का?"

"नाई, बाई. माह्या."

पूनमचा आवाज एकदम फुटला. "झाड एक वेळ दिलं असतं मी, ताई. पण सात बायांच्या दारी कसं जाऊ? दिलेलं वाण कोणी मांगं मांगते का? हळदीकुंकू लावून दिलं, अन् आता म्हणू का आणा वापस, त्याच्यात रोग आहे? म्हणतीन, हिच्या मायनं रोग दिला, अन् हिनं गावात वाटला."

खरं दुखणं हे होतं. तनुजाच्या नकाशात त्याला जागा नव्हती.

छायाबाईंनी भाकरी टोपल्यात टाकली. "वापस कायले मांगते?" त्या म्हणाल्या. "लेकी हायेत ना तुया झाडाच्या? मंग माहेरपणाले बोलाव. माहेरपणाले बोलावलं तं कोण नाई म्हणते?"

दुसऱ्या दिवशी पूनम घरोघर गेली. तनुजा सोबत होती, पण तिला बोलायची पाळीच आली नाही. पूनम उंबऱ्यात कुंकू लावायची आणि सांगायची, "माह्या झाडाची तब्येत पाहा लागते, लेकीयले घेऊन या." कारण तिनं लपवलं नाही. रोगाचा संशय आहे, नक्की नाही, आणि गेलेल्या जागी सरकारी पन्हेरीचं झाड मिळेल, हेही सांगितलं. दोन बायांनी कुरकुर केली. एकीनं तर दार लावून घेतलं.

तरी दुपारी बाया आल्या. कुणी झाड घमेल्यात आणलं, कुणी पोत्यात. तनुजाच्या सूचनेप्रमाणे प्रत्येकावर बारीक जाळी बांधलेली. एका बाईनं आपल्या कलमाच्या बुडाशी खणाचा तुकडा गुंडाळला होता. दार लावून घेतलेली सगळ्यांत शेवटी आली, आणि आल्या आल्या म्हणाली, "बाकीच्या आल्या, मंग माह्यीच पोरगी काहून मांगं राहीन?"

सातही कलमं त्यांच्या आई-झाडाभोवती मांडली गेली. छायाबाईंनी प्रत्येकापुढे हळदकुंकू वाहिलं. रोगशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात हा विधी नाही, पण तनुजानं चप्पल काढली आणि हात जोडले.

मग पूनमनं नवऱ्याच्या हातून कुऱ्हाड घेतली. "दुसऱ्याचा हात नाई लागू देत," ती म्हणाली. बुंधा फार जाड नव्हता. तनुजानं शेंडे वेगळे ओल्या कापडात गुंडाळले, साल, पानं, मुळं पिशव्यांत भरली. खड्डा रिकामा झाला तेव्हा अंगण उघडंबोडकं दिसू लागलं.

गाडीत बसताना पूनम काचेशी वाकली, अगदी आईसारखी. "एक ऐक. जे निघंल थे मले सांगू नको."

"काहून?"

"नको म्हटलं ना."

तपासणीला तीन आठवडे लागले, तोवर पठाराची घोषणा लांबली. तनुजानं स्वतः पुन्हा पुन्हा करून पाहिली. पानं, साल, जाड मुळं, केसासारखी मुळं. आठही झाडांची. कुठंही काही नव्हतं. झाडं स्वच्छ होती.

ती प्रयोगशाळेच्या पायरीवर येऊन बसली. एकोणचाळीस खरे निघाले होते. तिनं निरोगी झाड तोडायला लावलं होतं, तेही आईचं.

"म्हणजे वाटाड्या चुकला," तायवाडे म्हणाले.

"नाही सर. शंभर गावांत असा ठिपका पडला, तर एकसष्ट ठिकाणी रोग असेल. हे उरलेल्यांतलं एक गाव. आपल्याला आधी कळायला मार्ग नव्हता."

"बहिणीला सांगितलंत?"

"ती ऐकायला तयार नाही." मग ती म्हणाली, "आणि मीही सांगायला."

कारण मिळालं, तसं त्याच्यावर उपायही सुचला. वाटाड्याच्या आकडेमोडीत रुखवताची घडी आली. तायवाड्यांनी स्वतः तिला तेच नाव दिलं. घाटाच्या पायथ्याशी, नाक्याला लागूनच, एक छोटी पन्हेरी उभी राहिली. माहेरच्या झाडाचा शेंडा लग्नाच्या दोन वर्षं आधी तिथं द्यायचा. फांदीच्या अगदी टोकाचा, मोहरीहूनही लहान कण जिवाणूच्या तावडीत सापडलेला नसतो, कारण तिथवर त्या नळ्याच पोचलेल्या नसतात. तो कण कापून काचेच्या नळीत कोवळ्या खुंटावर बसवला, की माहेरचंच झाड निर्मळ होऊन मिळतं. आयांनी आधी नाकं मुरडली. दोन वर्षं आधी लग्न ठरतं होय कुणाचं? मग पोरगी कॉलेजात गेली, की शेंडा पाठवायची नवी रीत पडली. पठार निर्मळ जाहीर झालं. मातृबाग उभी राहिली.

बहिणी फोनवर बोलत. भाज्यांचे भाव, धनराजचा गुडघा, छायाबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. त्या एका विषयाला दोघीही बगल देत. तनुजाला वाटे, पूनमच्या आवाजात काहीतरी आटलंय. झाड खाल्लं मी तिचं, ती मनाशी म्हणे, आणि खरं सांगायची हिंमत तिला होत नसे. फुकट तोडलं, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

दीड वर्षानं ती घाट चढली तेव्हा मांडीवर कलम होतं. नाक्यावर शिपायानं गाडी थांबवून शिक्का पाहिला, सही पाहिली, मगच दांडा उचलला. पेढा कुणी मागितला नाही. प्रत्येक वळणावर तनुजा मुळाची माती हाताने धरून होती.

पूनमनं कलम पाहिलं आणि काही न विचारता ओळखलं.

"आईचं?"

"आईचं. त्या दिवशी शेंडे नेलते ना, त्याच्यातलंच."

खड्डा तसाच होता. कुणी बुजवला नव्हता, की दुसरं काही लावलं नव्हतं. दोघींनी मिळून कलम बसवलं, माती ओढली, पाणी घातलं. पूनमनं चिखलाच्या हातांनी आळं सारखं केलं.

"ताई, आता सांग."

"रागावशील."

"सांग."

"काही नव्हतं, पूनम. तुया झाडातबी नाई, सातहीत नाई. सारे स्वच्छ होते. मी... आपण फुकट तोडलं."

पूनमनं तिच्याकडे पाहिलं. तनुजा रागाची वाट पाहत राहिली. राग आला नाही. पूनमनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडायला लागली. मग रडता रडता हसायला लागली.

"म्हणजे आईनं रोग नव्हता धाडला?"

"नाई वं."

"पक्कं?"

"पक्कं. मुळापर्यंत पाह्यलं."

"अन् हे तू दीड वर्ष पोटात ठेवलं?" पूनमनं तिच्या दंडावर चिखलाच्याच हातानं एक चापट मारली. "फोटूले हार घालतो मी आईच्या, रोज. दीड वर्ष मान खाली घालून घातला. तिच्या डोळ्यात पाहाची हिंमत नाई झाली माह्यी. वाटे, माय, तू हे काय देलं मले?"

ती उठली, तशीच, चिखलाच्या हातांनी घरात गेली. तनुजाला दारातून दिसत होतं. पूनम आईच्या फोटोपुढे उभी होती, मान वर करून.